मामेभावासाठी घरी बिअर करायचं सामान बेळगावच्या उद्यमबागेत बनवून द्यायचंय, काय काय बघायला पाहिजे?

शहापूरचा_टिगवाला
नमस्कार मंडळी. माझा मामेभाऊ ओहायोत असतोय, तिकडं त्याला घरात बिअर करायचा नाद लागलाय. तिकडं ते चालतंय म्हणे, १९७८ ला कार्टरनं सही केलेला कायदा आहे, घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत करा, फक्त विकायचं नाही. आता गणपतीला घरी येणार आहे आणि आधीच लिस्ट पाठवून दिलीय. तुझ्याकडं टिग (आर्गॉन गॅसवरच्या वेल्डिंगचं) मशीन आहे, लेथ आहे, मग मी कशाला रेडिमेडला डॉलर घालू, तू बनवून ठेव मी बॅगेतनं नेतो, असं चाललंय.

लिस्ट अशी: ३५ ते ४० लिटरचं स्टीलचं पातेलं खालच्या बाजूला व्हॉल्व बसवून, पातेल्यात धान्य अडवायला जाळी (फॉल्स बॉटम म्हणतोय), उकळलेलं गार करायला तांब्याची कॉइल, आणि एक हीटिंग एलिमेंट.

आम्ही दिवसभर पंप केसिंग नि व्हॉल्व बॉडी मशिनिंग करणारी माणसं, ते डोळे झाकून करू, खरं खाण्यापिण्याच्या सामानाला कधी हात लावला नाही. स्टील कुठलं घ्यायचं, तांबं चालतंय काय, जाळीला भोक किती एमएमचं, आणि वेल्डिंगला काय वेगळं करायला लागतंय? आमच्यातल्या एकानं सांगितलं पितळेचे फिटिंग लाव सगळीकडं, स्वस्तात होतंय. कुणी केलंय काय असलं?

चिकोडीचा_डेअरीवाला
पितळ आत लावू नका बाबा. फ्री कटिंग पितळेत शिसं असतंय, म्हणून तर लेथवर ते एवढं सुरेख कटतंय. बाहेर पाण्याच्या लाईनला लावा, आतल्या मालाला लागंल तिथं स्टीलच.

स्टील ३०४ ग्रेडचं (खाण्यापिण्याच्या सामानाला चालणारं) घ्या, आणि दुकानदार ३०४ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. भांड्यांच्या बाजारात २०० सिरीजचाच (हलक्या ग्रेडचा) माल जास्त, चुंबक लावून ते कळत नाही कारण तेही चुंबकाला चिकटत नाही. भंगारवाल्यांकडं बॅटरी आणि थेंबवालं टेस्ट किट असतंय, २०० सिरीज असंल तर थेंब लालसर होतोय. एक मिनिटाचं काम, करून घ्या.

वेल्डिंगचं सांगतो कारण तिथंच सगळे गंडतात. बाहेरून बीड एकदम सोनेरी दिसंल आणि आतल्या बाजूनं काळं खडबडीत झालेलं असंल. आतनं आर्गॉन सोडलाच नाही तर असं होणारच. त्या खडबडीत भागात माल अडकतो, घासून निघत नाही, आणि मग तिथं काय काय वाढतंय ते आम्ही डेअरीत रोज बघतो. म्हणून मागनं पर्जिंग करा म्हणजे आतल्या बाजूनं आर्गॉन सोडा, फिलर (वेल्डमध्ये वितळणारी तार) ३०८एल वापरा, नंतर पिकलिंग पेस्ट (काळा थर काढणारी अ‍ॅसिडची पेस्ट) लावून स्वच्छ धुवा. व्हॉल्वसाठी वेल्ड केलेल्या सॉकेटच्या आतली कड पातेल्याच्या भिंतीशी सपाट घासून घ्या, खाच राहायला नको.

हत्तरगीचा_गडी
अहो जाळीचं कशाला टेन्शन घेताय, आपल्याकडं साखर कारखाने किती आहेत बघा, सेंट्रिफ्यूगलच्या (गरगरा फिरवून साखर नि मळी वेगळी करणाऱ्या मशीनच्या) जुन्या जाळ्या भंगारात पडलेल्या असतात, त्यातली एक गोल कापून बसवा की. फुकटात काम 😄

खानापूरकर_परत_आला
हत्तरगी भाऊ, ती जाळी नको. कंटिन्युअस (न थांबता चालणाऱ्या) सेंट्रिफ्यूगल मशीनच्या जाळीच्या चिरा ०.०६, ०.०९ एमएमच्या असतात, साखरेचे बारीक दाणे अडवायला केलेली ती. त्यात बार्लीचं भरडलेलं पीठ गेलं की दोन मिनिटात चिखल, वरचं पाणी वरच. शिवाय ती निकेलची, वर क्रोमचा थर, आणि भंगारात पडून तो निघालेला.

मी काही वर्षं विस्कॉन्सिनला होतो, तिथं दर हिवाळ्यात गराजमध्ये हा उद्योग चालायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काम कसं चालतं ते समजून घ्या म्हणजे मापं आपोआप कळतील. भरडलेलं बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ६५ ते ६८ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचं, धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. २० लिटर बिअरला धान्य साधारण पाच किलो, आणि किलोला अडीच-तीन लिटर पाणी. मग ते गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स (कडवटपणा आणणारी फुलं) घालून तासभर उकळायचं, लवकर गार करायचं, मग यीस्ट. गाळताना खरी जाळी कोण असतं सांगू? धान्याची फोलपटंच. जाळीनं फक्त फोलपटं धरून ठेवायची, बाकी गाळायचं काम तो धान्याचा थर स्वतःच करतो. म्हणून तुमची होल शीट (भोकं पाडलेला पत्रा) २ ते २.४ एमएम भोकाची घ्या, भोकं तिरक्या रांगांत, शीट दीड एमएमची म्हणजे पाच किलो भिजलेल्या धान्याखाली वाकणार नाही. तळापासून इंचभर वर, तीन-चार पाय लावून. आणि व्हॉल्वची नळी त्या जाळीखालीच गेली पाहिजे, नाहीतर जाळी असून नसल्यासारखी. कडेला फट दोन एमएमपेक्षा जास्त ठेवली तर धान्य तिथनं खाली उतरतं आणि व्हॉल्व तुंबतो, तेव्हा पातेलं हातात असल्याशिवाय जाळी कापू नका.

आणि खरं सांगायचं तर पातेलं तुम्ही बनवूच नका. ४० लिटरचं पातेलं विमानाच्या बॅगेत जातंय कुठं? २३ किलोची लिमिट, वर ते पातेलं चेपून जाणार. तिकडं पातेलं घेऊ दे, त्याचा आतला व्यास मागवा आणि तुम्ही जाळी, आतली नळी आणि कॉइल एवढंच करून द्या. बेळगावात जे चांगलं होतंय आणि बॅगेत बसतंय तेवढंच.

एलिमेंट तर बिलकुल नको. तिकडं घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट. आपला २३० व्होल्टचा तीन किलोवॅटचा एलिमेंट तिथं लावला तर निम्मी नाही, पॉवर चौथाईवर येते, ८०० वॅटच्या आसपास. तीस लिटर उकळायला बसला तर संध्याकाळ होईल.

एसी_रिपेअर_टिळकवाडी
कॉइलचं माझ्याकडनं घ्या. एसीचा ३/८ इंची सॉफ्ट कॉपर पाइप मागा, १५ मीटरचा गुंडाळलेला रोल मिळतो, वजन पावणेतीन-तीन किलोच्या आत. बॅगेत काहीच नाही.

वाकवताना घाई करू नका. साधारण दहा इंच व्यासाचा पाइपचा तुकडा नाहीतर जुना डबा घ्या, पाइपचं एक टोक दाबून त्यात बारीक कोरडी वाळू ठासून भरा, दुसरं टोक बंद करा आणि हातानं सावकाश गुंडाळा. एकदा पाइप चिमटला की तो तुकडा कापूनच काढायला लागतोय. वरच्या दोन तीव्र बेंडला स्प्रिंग बेंडर वापरा. झाल्यावर वाळू काढून पाणी जोरात सोडून धुवा, एक कण राहिला तरी पुढं पाण्याबरोबर फिटिंगमध्ये जाऊन बसतो.

जॉइंट लागलाच तर फॉस-कॉपर रॉडनं ब्रेझिंग करा. जुन्या स्टॉकचे काही सिल्व्हर रॉड कॅडमियमवाले असतात, ते नकोच, आणि रेडिओ रिपेअरचं सोल्डर तर विचारूच नका, त्यात शिसं. खरं चांगलं काय, तर जॉइंटच नको. अख्खा १५ मीटर एकसंध ठेवा.

खानापूरकर_परत_आला
एसीवाल्या दादांचं एकदम बरोबर. त्यात भर घालतो, दोन्ही टोकं पातेल्याच्या काठावरनं बाहेर आणून खाली वाकवा आणि होज क्लॅम्प पातेल्याच्या बाहेरच येऊ दे. क्लॅम्प गळतातच. आत गळला तर नळाचं कच्चं पाणी गार झालेल्या मालात पडतं आणि सगळा माल आंबून जातो, बाहेर गळला तर फरशी ओली, बस्स.

अजून एक, मामेभावाला नक्की सांगा. पाणी सुरू केल्यावर बाहेर येणारं पहिलं पाणी जवळपास उकळतंच असतं. साधा बागेचा पातळ पाइप मऊ पडून निसटतो आणि ते पाणी पायावर. बाहेरच्या बाजूला गरम पाण्याचा सिलिकॉन पाइप लावायचा.

तांबं चालतं, काळजी नको. नवीन कॉइल आधी व्हिनेगरनं पुसून साफ पाण्यात उकळून घ्यायची. वापरल्यावर मात्र गुलाबी चकचकीत होऊन बाहेर येते, कारण वरचा ऑक्साइडचा थर आंबट मालात विरघळतो. घाबरायचं कारण नाही, यीस्टला तांब्याचा अंश लागतोच. बिअर तयार झाल्यावर मात्र तांब्याचा स्पर्श नको, चव लवकर शिळी होते.

शिनोळी_नाक्यावरचा
सगळं ठीक आहे मंडळी, खरं एक सांगू काय. सामान तयार झालं की ‘जरा ट्रायल घेऊन बघूया’ म्हणून माल्ट आणून उकळायला बसू नका. कर्नाटक अबकारी कायदा १९६५, कलम १३, परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहेच, त्या कामासाठी भांडी-साहित्य जवळ ठेवणं पण त्यातच येतंय. ट्रायल घ्यायची तर पाण्यावर घ्या.

आणि कुणी म्हणंल आमच्या बाजूला चंदगड तालुक्यात येऊन करूया, तर इकडं महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, इकडं पण परवान्याशिवाय चालत नाही. बाकी सगळ्या गोष्टीत दोन सरकारं भांडतात, एवढ्या एका बाबतीत एकमत आहे बघा 😂

शहापूरचा_टिगवाला
हो हो, पाण्यावरच ट्रायल. घरात आजीला नुसतं कशाला आहे हे कळलं तरी गणपतीत मला बाहेर झोपायला लागंल.

सगळ्यांचे आभार, पातेलं नि एलिमेंट कॅन्सल, मामेभावाला कळवलं, जरा नाराज झाला खरं पटलं त्याला. त्यानं पातेल्याचा आतला व्यास पाठवला, ३५४ एमएम. जाळी ३५१ ची कापायला टाकतो. आता एकच राहिलं, व्हॉल्वला जोडायची आतली नळी. माझ्याकडं अर्धा इंची स्टील सॉकेट नि निपल पडलेत, तेच थ्रेड करून देऊ काय? आणि फर्मेंटर (यीस्ट घालून आंबवायचं भांडं) पण मागतोय, वीस लिटरचं झाकण टाइट बसणारं स्टीलचं, गॅस जायला नको म्हणून.

चिकोडीचा_डेअरीवाला
थ्रेडला थांबा. तुमच्याकडं पडलेत ते बीएसपी (आपल्याकडच्या आट्याचं माप), अमेरिकेत एनपीटी (तिकडच्या आट्याचं). गंमत अशी की अर्धा इंचाला दोन्हीला इंचाला १४ च आटे आहेत, म्हणून दोन-तीन आटे छान जातात आणि माणसाला वाटतं जमलं. खरं बीएसपीचा आट्याचा कोन ५५, एनपीटीचा ६०. टेफलॉन किती पण गुंडाळा, गरम झालं की गळणार. तुमच्याकडं सीएनसी असंल तर एनपीटी टेपर काढा आणि एनपीटीच्या गेजनं तपासा. नाहीतर सरळ टीसी फेरूल (ट्राय-क्लॅम्पनं जोडायची कडेवाली रिंग) वेल्ड करून द्या, दीड इंची, ५०.५ एमएम फ्लँजचं. डेअरीचं सामान विकणाऱ्याकडं मिळतंय, तिकडंही तेच माप चालतंय, क्लॅम्प नि गॅस्केट लावलं की झालं, धुवायला पण सोपं.

खानापूरकर_परत_आला
टीसीच करा. आणि टाइट झाकणाचा फर्मेंटर अजिबात देऊ नका! २० लिटर बिअर पाच टक्क्याची झाली तर त्यातनं ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. झाकण लॉक करून ठेवलं तर स्टील फुगंल नाहीतर झाकण छताला. गॅस बाहेर जायलाच पाहिजे, हवा आत यायला नको, एवढंच. त्यासाठी पाण्याचा एअरलॉक असतो, तिकडं दोन-चार डॉलरला मिळतो, आणि फूड ग्रेड प्लॅस्टिकची बादली पण. ते तिकडंच घेऊ दे त्याला.

जाळी ३५१ ची म्हणताय तर कडेला दीड एमएम फट राहते, बरोबर आहे. कापल्यावर कडेचे बर (धारदार कंगोरे) मात्र हातानं घासून काढा, आणि शीट लेझरनं कापून घेताना नायट्रोजनवर कापायला सांगा, ऑक्सिजननं कड काळी पडते.

शहापूरचा_टिगवाला
लेझरवाल्याला आत्ताच फोन केला, नायट्रोजनवर कापून देतो म्हणाला, शनिवारी देणार. टीसी फेरूल चिकोडीत कुणाकडं मिळंल डेअरीवाले दादा, का कोल्हापूरलाच जायला लागंल?

चिकोडीचा_डेअरीवाला
कोल्हापूरला कशाला, माझ्याकडं जुन्या लाईनचे दोन पडलेत ३०४ चे, पॉलिश करून घ्या. रविवारी निपाणीला येणार आहे, मेसेज टाका.