सासू बाहेर जात नाही, सून म्हणते घरी सांगू नका

तालुक्यातली डॉक्टर
एसटी स्टँडजवळ माझा दवाखाना आहे. सोमवारी बाजार, त्यामुळे सत्तरेक पेशंट. 24 वर्षांची सून, दीड महिन्यापासून खोकला, संध्याकाळी ताप. सोबत सासू. "जेवण जातं का?" असं सुनेला विचारलं तरी उत्तर सासूच देणार. बेडक्याचा रिपोर्ट आला, टीबी आहे. वजनाच्या निमित्ताने सुनेला आत नेऊन सांगितलं. तिने माझा हातच धरला. "घरी सांगू नका, माहेरी धाडतील आणि पोरगी ठेवून घेतील." पोरगी 3 वर्षांची, हिच्याच कुशीत झोपते. बाहेर आले तर सासू टेबलावर हात आपटतेय, "पैसे आम्ही भरलेत, रिपोर्ट आमच्या हातात द्या!" सगळी रांग बघत होती. मी "उद्या या" म्हणून वेळ मारून नेली. ते मला खटकतंय. सुनेला दिलेला शब्द पाळू, की पोरीकडे बघू?

टीबी विभागात 11 वर्षं
मॅडम, नोंद करावीच लागेल, 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही ती बंधनकारक आहे. पण ती सरकारकडे जाते, सासूकडे नाही. निक्षयवर, म्हणजे टीबी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, मोबाइल नंबर कुणाचा देताय तेवढं बघा. घरात एकच फोन आणि तो सासऱ्यांच्या खिशात असेल, तर मेसेज तिथेच वाजणार. पोषण आहाराचे महिन्याला 1000 रुपये कुठल्या खात्यात यावेत, हेही तिलाच विचारा. आणि आशाताई दारात उभी राहण्याआधी आमच्या पर्यवेक्षकांशी बोलून घ्या.

निवृत्त फॅमिली डॉक्टर
रिपोर्ट पेशंटचा, पैसे कुणीही भरोत. सासूबाईंना हे शांतपणे, पण रांगेसमोर नको, खुर्ची देऊन सांगा. सुनेलाही स्पष्ट सांगा, "मी बोलणार नाही, पण पोरीची तपासणी थांबवणार नाही." घरात टीबीचा पेशंट असला की पाच वर्षांखालच्या मुलाला, त्याला टीबी नसला तरी, प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. ते घरात लपून कसं राहील? म्हणून सांगायचं तिनेच, तुम्ही शेजारी बसायचं.

साताऱ्याची
मला झाला होता तेव्हा डॉक्टरांनी एकच विचारलं, "घरात तुझ्या बाजूने कोण?" मी म्हटलं, धाकटा दीर. त्यालाच आधी बोलावलं. सहा महिन्यांच्या गोळ्या त्यानेच आणून दिल्या.

तालुक्यातली डॉक्टर
हाच प्रश्न तिला विचारला. नवरा, म्हणाली. आज दुपारी दवाखाना बंद असताना दोघांना बोलावलं. तो बराच वेळ गप्प होता, मग विचारलं, "पोरीला कधी आणू?" उद्या सकाळी नऊला येतायत. सासूबाईंशी तो बोलणार आहे, मला सोबत बस म्हणालाय.