'द ब्रॉडवे मेलडी' (१९२९): पुढे बघू की सोडून देऊ?

तिसरी_घंटा: ऑस्करविजेते सिनेमे क्रमाने बघायचा घाट घातलाय. 'विंग्ज'नंतर काल 'द ब्रॉडवे मेलडी' लावला आणि अर्ध्यातच बंद केला. दोन बहिणी नाचगाण्याची जोडी घेऊन न्यू यॉर्कला येतात, थोरलीचा होणारा नवरा धाकटीवर भाळतो, एवढीच गोष्ट. कॅमेरा जागचा हलत नाही, नाच आमच्या सोसायटीच्या गणपतीत याहून बरे होतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा पहिला बोलपट, हे ठीक. पण लोक अजून याचं नाव का काढतात?

चहाबाज: सोडा. मला झोप लागली. तो तोतरा काका तर असह्य.

रीळवेडी: अर्ध्यात सोडलात म्हणजे बघायचं नेमकं तेच राहिलं!

नाचांवरून वाद घालत नाही. घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा तेव्हा पेटीत कोंडत, तो हलणार कसा? पण शेवटाकडचा बेसी लव्हचा मेकअप रूममधला प्रसंग बघा. हँकला (थोरली) कळून चुकलंय की एडीचा जीव क्वीनीवर आहे. ती त्याला घालूनपाडून बोलते, भित्रा म्हणते, ते मुद्दाम, चिडून तरी तो क्वीनीच्या मागे धावेल म्हणून. तो जातो. मग ही आरशासमोर बसते, तोंडाला कोल्ड क्रीम थापते आणि रंग पुसता पुसता रडायला लागते. मध्येच हसते, परत हुंदका. क्रीम कुठलं आणि आसवं कुठली, कळत नाही. मग नाक पुसून फोन उचलते आणि दौऱ्याच्या कामाला होकार देऊन टाकते.

ही बाई मूकपटांतली, १९१६ च्या 'इन्टॉलरन्स'मध्येही होती. माइक आला तेव्हा भलेभले गडबडले, हिने आवाज खुशाल फाटू दिला. ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस गेलं मेरी पिकफर्डला. माझ्या मते अन्याय.

रंगमंचावर बहिणींनी हसत पाय उचलायचे आणि रडारड विंगेत, यातच सगळी मजा आहे. नाहीतर प्रेमाचा त्रिकोण काय, शेकड्याने पडलेत. आणि 'यू वेअर मेंट फॉर मी' ऐकलंत ना? एडी ते क्वीनीला म्हणतो. 'सिंगिंग इन द रेन'मध्ये जीन केली म्हणतो तेच. गीतकार आर्थर फ्रीडच पुढे त्या सिनेमाचा निर्माता झाला.

खरखर_७८: यातलं 'वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल' हे नाचगाणंपण चुकवू नका. मूळचं टेक्निकलर, आता कृष्णधवलच उरलंय. निर्मितीप्रमुख थालबर्गला पहिलं चित्रण पटलं नाही. वाद्यवृंद तेव्हा सेटवरच वाजायचा, म्हणजे सगळे वादक परत बोलवा, परत पैसे मोजा. ध्वनिविभागाच्या डग्लस शिअररने सुचवलं की रेकॉर्डिंग चांगलं झालंय, तेच लावा आणि त्यावर नाचवा. प्लेबॅकच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. आपली हिंदी-मराठी गाणी पुढे याच रीतीवर उभी राहिली.

तिसरी_घंटा: बरं, आज रात्री उरलेला बघतो. तोतऱ्या काकांना मात्र पुढे ढकलणार.

रीळवेडी: ढकला खुशाल. फक्त ती फोन करते तो त्यांनाच, तिथे बोट आवरा.