एस्प्रेसो मशीन अपग्रेड करावं का? ज्यांनी केलंय (आणि नाही केलं) त्यांनी अनुभव लिहा

कपबशी

नमस्कार मंडळी. घरी गेली काही वर्षं एक छोटं एस्प्रेसो मशीन आहे, ५१ मिमीचं पोर्टाफिल्टर (कॉफी पावडर भरून मशीनला अडकवायचं ते दांड्याचं भांडं), थर्मोब्लॉकवालं, म्हणजे पाणी वाहता वाहता तापवणारं, मिक्सर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मावतं म्हणून घेतलेलं. तेव्हा घरात कॉफी पिणारी मी एकटी. आता नवरा काळी घेतो, कॉलेजातल्या लेकीला लॅटे लागतो, आणि रविवारी सासूबाई पण "माझ्यासाठी कर गं ती फेसाची". म्हणजे एकामागून एक दुधाचे तीन कप, आणि दुसऱ्या कपालाच वाफ पाणचट यायला लागते. त्यात आज आंबट तर उद्या कडू, कारण कळत नाही.

डोक्यात तीन पर्याय आहेत. गॅजिया क्लासिकसारखं सिंगल बॉयलर, ब्रेव्हिलचं एखादं झटपट गरम होणारं, किंवा एकदाच काय तो खर्च करून ड्युअल बॉयलर, म्हणजे कॉफीला आणि वाफेला पाणी तापवायची वेगवेगळी टाकी. नवऱ्याचं म्हणणं "एवढ्यात सेकंडहँड ॲक्टिव्हा येते". व्हिडिओ बघून बघून डोकं आउट झालंय, प्रत्येकाला स्वतःकडे असलेलंच मशीन बेस्ट वाटतं. म्हणून इथे विचारतेय. घेतलं असेल, घेऊन विकलं असेल, घ्यायचं रद्द केलं असेल, सगळं लिहा. पाणी, सर्व्हिस, ओट्यावरची जागा, घरच्यांची तोंडं, काहीही चालेल. बजेट मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की सगळे बरोब्बर त्या आकड्यापर्यंत नेऊन सोडतात.

सांडशी

आधी ग्राइंडर कुठला ते सांगा. मशीनचं नंतर बघू.

कपबशी

हाताने फिरवायचाच आहे, पोअर ओव्हरसाठी (वरून गरम पाणी ओतून गाळायची कॉफी) घेतलेला. एका क्लिकवर शॉट (एका वेळची एस्प्रेसो) पंधरा सेकंदांत धो धो येतो, पुढच्या क्लिकवर थेंब थेंब गळत बसतो. मधलं काही नाहीच.

सांडशी

मग तुमच्या आज-आंबट-उद्या-कडूचं उत्तर तुम्हीच दिलंत की. एस्प्रेसोला १८ ग्रॅम पावडर घालून २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी काढायची असं सगळे जे सांगतात ते काही वेदवाक्य नाही पण तिथपर्यंत पोचायला दळण केसाच्या फरकाने बदलता यायला हवं आणि पोअर ओव्हरच्या ग्राइंडरची एकेक पायरी त्यासाठी फार मोठी पडते. तुमच्या ५१ मिमीच्या बास्केटमध्ये (पोर्टाफिल्टरमधली पावडरची जाळीदार वाटी) १८ मावणारही नाहीत, १४-१५ घ्या, प्रमाण तेच ठेवा. जातं धड नसताना नवा बिडाचा तवा आणून भाकरी सुधारत नाही.

माझा अनुभव: मशीन तुमच्यासारखंच होतं, ते तसंच ठेवलं आणि एस्प्रेसोसाठीचा हातग्राइंडर घेतला, ज्याची एक क्लिक म्हणजे शॉटमध्ये दोनतीन सेकंदांचा फरक. पहिल्या आठवड्यात बायकोने विचारलं बिया बदलल्या का. बिया त्याच होत्या. शिवाय तळ उघडा असलेलं पोर्टाफिल्टर घ्या स्वस्तातलं, म्हणजे पाणी एका बाजूने पळतंय का ते दिसतं. सुरुवातीला कॉफीची पिचकारी समोरच्या टाइल्सवर जाते, ओट्यावर जुनं फडकं ठेवा. मग सुया लावलेल्या काडीने पावडर ढवळून, गुठळ्या मोडून, सपाट करून दाबायला लागलात की पिचकाऱ्या बंद. हे सगळं जमल्यावरही मशीन कमी पडतंय असं वाटलं तर खुशाल घ्या, तुमच्या केसमध्ये वाफेसाठी लागणारच आहे बहुतेक.

टपरीसम्राट

चहा करा. आलं घाला. बजेट: वीस रुपये.

संत्रानगरीकर

टपरीसम्राट 😀 हे उत्तर आलं नसतं तर चुकल्यासारखं झालं असतं.

माझ्याकडे नागपुरात गॅजिया क्लासिक आहे. हे मशीन १९९१ पासून साधारण त्याच सांगाड्यात येतंय, ५८ मिमीचं पोर्टाफिल्टर, कॅफेतल्या मशिनींचाच साइज, त्यामुळे बास्केट, टॅम्पर (पावडर दाबायचा ठोकळा), गास्केट (गळती थांबवणारी रबरी रिंग) जगभर कुठेही मिळतात. मागचे स्क्रू काढले की आत सगळं डोळ्यांना दिसतं. बॉयलर, पंप, सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारी झडप), दोन थर्मोस्टॅट, संपलं. मला असलं उघडून बघायची खाज आहे म्हणून मी पीआयडी बसवला, म्हणजे बॉयलरचं तापमान वरखाली न होता एका आकड्याला चिकटून राहतं. तो नसेल तर लाइट लागल्या-विझल्याचा अंदाज घेऊन शॉट काढायचा, तेही जमतं, लोकांनी वर्षानुवर्षं केलंय.

पण कपबशी, तुमचं दुखणं तीन दुधाचे कप हे आहे आणि तिथे सिंगल बॉयलरचा हिशोब समजून घ्या. कॉफीला पाणी लागतं ९०-९५ डिग्रीचं, वाफेला त्याहून बरंच जास्त, आणि बॉयलर एकच. म्हणजे शॉट काढा, स्टीमचं बटण दाबून थांबा, दूध फेसा, मग पाणी सोडून बॉयलर थंड करा, की पुन्हा शॉट. यातला बॉयलर शंभरेक मिलीचा, त्यामुळे गरम-गार पटकन होतो पण वाफही पटकन संपते. मी पाहुण्यांना करताना सगळे शॉट आधी काढून घेतो आणि दूध फेसायच्या मोठ्या जगमध्ये (मगासारखं भांडं) सगळ्यांचं दूध एकदम फेसतो. लॅटेला दहा मिनिटं थांबलेला शॉट कळत नाही. काळी पिणाऱ्याचा कप सगळ्यात शेवटी, मशीन थंड करून. तुमच्या मिस्टरांना तेवढा धीर आहे का?

कपबशी

नाही 😐

सहाचाळीसची लोकल

मी ठाण्याहून. ब्रेव्हिल बाम्बिनो प्लस. तीन सेकंदांत गरम होतं असं लिहिलंय आणि खरंच होतं, फक्त पोर्टाफिल्टर गार असतं म्हणून आधी एकदा नुसतं गरम पाणी सोडायचं. दूध आपोआप फेसतं, जग ठेवायचा, बटण दाबायचं, तोवर मी डबा भरते. बास्केट ५४ मिमी. मला छंद नकोय, मला ६:४० पकडायची असते. रोज दोन कप निघतात, तक्रार नाही. ज्यांना मशीन उघडून बघायचंय त्यांनी वरचं गॅजिया घ्या, ज्यांना कॉफी पिऊन पळायचंय त्यांनी हे.

एकशेवीस व्होल्ट

नावावरून कळलं असेलच. न्यू जर्सीहून पुण्याला परत आलो तेव्हा कंटेनरमध्ये हीट एक्स्चेंजरवालं (एकाच बॉयलरवर वाफ आणि कॉफीचं पाणी दोन्ही एकदम देणारं) मशीन घेऊन आलो, तिकडे वापरलेलं नंतर अर्ध्या किमतीत जातं म्हणून जीव होईना विकायला. हे सविस्तर लिहितो कारण "भाऊ अमेरिकेत आहे, येताना आणेल" हा प्लॅन अर्ध्या महाराष्ट्राचा असतो. तिकडचा करंट १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३०, ५०. थेट लावलं तर हीटर गेलाच. मग स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर, आणि मशीन १४०० वॉटचं म्हणजे ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्हीएचा तरी हवा, तो उचलताना कंबर धरते आणि चालू असताना घों घों करतो. त्याने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. पंप ६० वर धडधडायला बनवलेला, इथे ५० वर त्याचा सूरच बदलला. चाललं मशीन, नाही असं नाही, पण ओट्याखाली तो ठोकळा, त्याची वायर, आणि आई रोज विचारणार "हे काय गं बाई जळतंय का". वॉरंटी अर्थात तिकडचीच.

तर भाऊ येणार असेल तर त्याला हातग्राइंडर आणायला सांगा. त्याला वायरच नसते. मशीन आणायचंच तर युरोपातून किंवा दुबईहून, आणि मागच्या पत्र्यावर २२०-२४० व्होल्ट लिहिलंय का ते स्वतः वाचून.

आजोळ

व्होल्टवर सगळे बोलतील, पाण्यावर कुणी बोलत नाही. आमच्याकडे मराठवाड्यात सोसायटीला बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर बुडवला की आठशेच्या वर. चहाच्या किटलीत जो पांढरा थर बसतो तोच मशीनच्या आत बसतो, फरक इतकाच की किटलीत हात जातो. मशीन आधीचं होतं ते यानेच गेलं. वाफेची नळी चोंदली, मग हीटर. कंपनीच्या माणसाने आत बघून "पाणी कुठलं?" एवढंच विचारलं.

आणि महाग मशीनला हे जास्त लागू. ड्युअल बॉयलरमधला वाफेचा बॉयलर कायम तापलेला, त्यातून पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे उरतात, वर नवं पाणी येतं त्यात आणखी क्षार. म्हणजे पिठल्यासारखं घट्ट होत जातं आत. मग लोक म्हणतात आरओचं घाला. नुसतं आरओचंही घालू नका, एक तर कॉफी फिक्कट लागते, दुसरं म्हणजे बऱ्याच मशीनमध्ये बॉयलर भरला की नाही हे कळायला एक काडी असते ती पाण्यातल्या क्षारांवर चालते, फार शुद्ध पाणी तिला दिसतच नाही. आमच्या आरओला टीडीएस कमीजास्त करायचा स्क्रू आहे, तो शंभरच्या आसपास आणून ठेवलाय. दर दोनेक महिन्यांनी लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून डिस्केल, म्हणजे आतला पांढरा थर काढायचा, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या. पुण्या-मुंबईत धरणाचं पाणी मऊ, तुम्हाला एवढं नाही लागायचं. पण सोसायटीत टँकर येत असेल तर विचार करा.

तोरिनोवाला

इटलीत राहतो म्हणून एक गंमत सांगतो. जिथे हे सगळं जन्मलं, अकिले गॅजियाने १९३८ मध्ये पेटंट काढलं वगैरे, तिथे माझ्या ऑफिसातल्या एकाच्याही घरी एस्प्रेसो मशीन नाही. फार तर कॅप्सूलवालं. घरोघरी मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं), बियालेत्ती कंपनीचा, १९३३ पासूनचा आठकोनी. एस्प्रेसो प्यायचा तर खाली बारमध्ये जायचं, सव्वा-दीड युरो, उभ्या उभ्या दोन घोट, पेपरवर नजर, बाहेर. मी इथे आल्यावर मशीन घेणार म्हटलं तर शेजारच्या काकूंनी "घरी कशाला, माणसं नकोत का?" असं विचारलं. घेतलं नाही. मोकात एस्प्रेसोसारखा ९ बारचा दाब नसतो, दीड-दोनच, त्यामुळे कॉफीवर तो जाड फेस येत नाही, पण दूध घालून पिणाऱ्याला फार फरक पडत नाही. अर्थात दीड युरोत बार जिथे आहे तिथे हे बोलणं सोपं आहे, कोथरूडात कॅपुचिनोला तीनशे मोजायचे तर मीही मशीनच बघेन.

भरकटलेला

बेंगळुरू. ड्युअल बॉयलर, ई६१ ग्रुप, म्हणजे १९६१ सालचं डिझाइन, पुढे ते पितळी क्रोमवालं थोबाड असतं ते. नवराबायको दोघांनी बोनस घालून घेतलं. आता खरं सांगतो. ते तीन-चार किलो पितळ तापायला अर्धा तास लागतो. स्मार्ट प्लगवर टायमर लावलाय, साडेसहाला तापलेलं असतं. साध्या ६ ॲम्पियरच्या सॉकेटला लावू नका, १६ चा पॉइंट ओट्यावर हवा, आमच्याकडे तो गीझरला आणि एसीला, ओट्यावर नाही, त्यासाठी टाइल फोडली. इन्व्हर्टरवर चालत नाही. पंचवीस किलोच्या आसपास वजन, ओटा पुसताना सरकवता येत नाही, मागे झुरळांची काय वस्ती आहे देव जाणे.

तरीसुद्धा, दिवाळीत घरात आठ माणसं होती आणि मी एका बाजूला शॉट लावून दुसऱ्या हाताने दूध फेसत होतो, न थांबता, वाफ शेवटच्या जगापर्यंत कोरडी आणि जोरदार. दोन चमचे वाजावेत तेवढ्या वेळात जग तळहाताला चटका देतो. तुमचे तीन-चार कप याला काहीच नाहीत. स्वाद म्हणाल तर चांगल्या सिंगल बॉयलरच्या नीट काढलेल्या शॉटपेक्षा दुप्पट चांगला? नाही. तुम्ही पैसे देता ते न थांबण्याचे.

ताकभात

कॅफेचे पैसे वाचतील असा हिशोब ज्याने त्याने केला असेल तर जरा थांबा, मी वहीत मांडला होता म्हणून अपग्रेड रद्द केलं. १८ ग्रॅमने २५० च्या पाकिटात तेरा-चौदा शॉट. घरात रोज चार कप म्हणजे पाकीट साडेतीन दिवस. आणि मशीन चांगलं आलं की किराणा दुकानातली पावडर चालत नाही, चिकमगळूरच्या अमुक इस्टेटची, रोस्ट डेट बघून, मग सेटिंग जुळेस्तोवर प्रत्येक नव्या पाकिटातले दोन-तीन शॉट सिंकमध्ये. हप्त्यापेक्षा बियांचं बिल मोठं होतं. आवड असेल तर घ्या, बचत म्हणून नको.

आणि म्हशीचं दूध वापरून बघा कुणी, फ्रिजमधून थेट, ६० डिग्रीच्या आत थांबायचं. गोड लागतं. सायीचं भांडं वेगळं ठेवा नाहीतर नळीत साय अडकते.

कपबशी

सगळ्यांना धन्यवाद, एवढं येईल वाटलं नव्हतं. १६ चा पॉइंट ओट्यावर आहे (ओव्हनचा), पाणी धरणाचं पण मे महिन्यात टँकर. ग्राइंडर तर आजच ऑर्डर केला, सांडशी, पत्ता कळवा, बिल पाठवते 😀. मशीनचं मन ड्युअल बॉयलरकडे झुकतंय पण नवं नाही परवडत. इथेच पुण्यात एक जण वापरलेलं विकतोय. बघायला जाताना काय बघू?

संत्रानगरीकर

आधीच कळवा की मशीन बंद आणि थंड असताना येणार, तापवून ठेवू नका. तुमच्यासमोर चालू करायला लावा, गरम व्हायला किती वेळ घेतं, मध्येच ट्रिप मारतं का बघा. गरम झाल्यावर वाफेचा नॉब बंद असताना टोकातून थेंब गळतोय का. पोर्टाफिल्टर लावून शॉट काढताना कडेने पाणी आलं तर घाबरू नका, गास्केट कडक झालंय, ते स्वस्तात बदलतं. वरची जाळी स्क्रू काढून खाली घ्यायला सांगा, काळा तेलकट थर असेल तर साफसफाईचा अंदाज येईल. पाण्याची टाकी बाहेर काढून कोपऱ्यात पांढरं दिसतंय का बोट फिरवून बघा. आपल्याच बिया आणि नवा ग्राइंडर सोबत न्या, दोन शॉट आणि लागोपाठ दोन जग दूध तिथेच करा, संकोच करू नका, लाखाचा मामला आहे. बिल मागा, भारतातल्या डीलरचं असेल तर उत्तम. आणि सगळ्यात शेवटी सहज विचारा डिस्केल कधी केलं होतं. "छे, कधी गरजच नाही पडली" म्हणाला तर त्याच्याकडचा चहा पिऊन परत या.