गाजलेली रहस्यकथा, भयाण इमारत आणि शेवटी विरस: तुमचे अनुभव लिहा

दांडियाबाजारची लेक
काल आपल्या बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मुलीला घेऊन गेले होते. तिथल्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची आहे. उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून सयाजीरावांच्या काळात बसवलेली जाड काच. वर कुणीतरी चाललं आणि आमच्या डोक्यावरून सावली सरकली. मुलगी मला बिलगली. मला ती कादंबरी आठवली आणि जुना राग पुन्हा वर आला.

नाव लिहीत नाही, कुणाची वाचायची राहिली असेल. न्यूयॉर्कमधली जुनी बारा मजली इमारत, लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबत नाही, भाडेकरू एकेक करून नाहीसे होतात. त्या वर्षी भिशीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, जिथे तिथे तेच पुस्तक. "रात्री एकटीने वाचू नकोस हं" असं बजावून मैत्रिणीने दिलं. सुरुवात खरंच सुंदर. सातव्या मजल्याच्या बटणावर ठोकलेली पितळी पट्टी आणि तिच्या कडेला नखांचे ओरखडे. हे वाचताना मी पाय वर घेऊन बसले होते.

आणि शेवटी काय, तर रखवालदाराचा जुळा भाऊ! आधी एका ओळीचा उल्लेख नाही. सातव्या मजल्यावर नुसतं अडगळीचं सामान. पट्टी कुणी ठोकली, ओरखडे कुणाचे, काहीच नाही. खुनी कोण निघाला ह्याचं मला काही नाही. ज्या मजल्याने मला इतकी पानं धरून ठेवलं तोच वाऱ्यावर सोडला, ह्याचा राग आहे. इमारतीची गोष्ट असेल तर उत्तर इमारतीतूनच यायला हवं. तुमचं असं झालंय? लिहा.

रावपुरा
जुळा भाऊ!!! मी पुस्तक पलंगावर आपटलं होतं. सासूबाई धावत आल्या काय झालं म्हणून

निवांत वाचक
ताई, रोनाल्ड नॉक्स म्हणून एक इंग्रज पाद्री होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले. वाचकाची आधी तयारी केल्याशिवाय जुळे भाऊ आणायचे नाहीत, हा त्यातलाच एक. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, हाही. ह्या पुस्तकात भुयारं किती ते आठवा. नियम मोडायला हरकत नाही, पण मग वाचकाला त्याच्या बदल्यात काहीतरी द्या ना. इथे तो बिचारा प्रत्येक खूण लक्षात ठेवत पुढे जातो आणि हातात काहीच पडत नाही.

कारेलीबागची मावशी
दूध गॅसवर आहे, थोडक्यात लिहिते. मला आवडलं होतं ते. ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा वाचलं. रात्रभर खुर्चीत बसून. शेवट आठवत पण नाही. रात्र सरली तेवढं पुष्कळ

रावपुरा
मावशी काका बरे आहेत ना आता?

कारेलीबागची मावशी
हो ग, आता सकाळी कमाटीबागेत दोन चकरा मारतात. दूध उतू गेलं बघ

नकाशेवाला
मी घरांचे नकाशे काढतो, त्यामुळे माझं दुःख वेगळं. नायिकेच्या खोलीची खिडकी सुरुवातीला आतल्या चौकाकडे उघडते. मध्यावर त्याच खिडकीतून तिला रस्त्यावरची टॅक्सी दिसते. मला वाटलं हाच धागा, खोली बदलली गेली आहे, कुणीतरी तिला झोपेत हलवलं! मी कागदावर मजल्याचा आराखडा काढून बसलो. जिना, लिफ्ट, चौक, सगळं. ती नुसती निष्काळजी निघाली. लेखकाने स्वतःची इमारत डोळ्यांसमोर आणलीच नव्हती.

इमारतीची खरी भीती कशी असते ते आपल्या लक्ष्मी विलासचं पाहा. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. आपलं गणित चुकलंय, राजवाडा कोसळणार ह्या धास्तीने त्याने जीव दिला असं सांगतात. रॉबर्ट चिझमने काम हाती घेतलं, १८९० मध्ये पुरं झालं, आणि राजवाडा अजून ठणठणीत उभा आहे. ना भूत, ना भुयार. एका माणसाच्या डोक्यातली बेरीज, बस. ह्यावर कुणी मराठीत नीट कादंबरी लिहावी अशी फार इच्छा आहे.

सूरसागरकाठ
दादा तुम्हीच लिहा की

वाडीतले आजोबा
लायब्ररीचा विषय निघाला म्हणून लिहितो. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले होते. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवायचे. माझी आत्या सांगायची, पेटी उघडली की आधी वास घ्यायची चढाओढ लागे. तेव्हा पुस्तकाची एवढी जाहिरात नव्हती. जे पेटीत येईल ते वाचायचं. म्हणून विरसही कमी होत असेल.

दांडियाबाजारची लेक
आजोबा किती छान! आत्यांबद्दल अजून लिहा ना. नकाशेवाले दादा, ती खिडकी माझ्या लक्षातच आली नव्हती, आता दुप्पट राग आला.

खंडेराव मार्केट
माझं वेगळं पुस्तक, पण रडगाणं तेच. डोंगरावरचं बंद पडलेलं सॅनेटोरियम. पाऊस, वीज गेलेली, रिकाम्या खाटा. शेवटी नायक जागा होतो, सगळं स्वप्न. पैसे देऊन घेतलं होतं हो नवं कोरं!

सूरसागरकाठ
स्वप्नाचा शेवट करणाऱ्यांना सेव उसळ तर्रीशिवाय वाढावी

रावपुरा
😂 आज संध्याकाळी सेव उसळच करते. पाव संपलेत पण

निवांत वाचक
कुणाला जुन्या वाड्यावरची, शेवटपर्यंत धरून ठेवणारी मराठी रहस्यकथा माहीत असेल तर सुचवा. भूत असलं तरी चालेल, पण उत्तर त्या वाड्यातच सापडलं पाहिजे.

कारेलीबागची मावशी
माझ्या कपाटात एक आहे, पाठपुठ्ठा गेलाय. रविवारी दुपारी ये, चारनंतर. आणि येताना ते जुळ्या भावाचं पुस्तक असेल कुणाकडे तर आण, मला शेवट परत वाचायचाय