साथरोगात मास्कसक्तीचा आदेश : नगरपरिषदेच्या मसुद्यात नेमकं काय हवं?

आवक_जावक

नगरपरिषदेच्या साथरोग आराखड्याला जोडायला मास्कसक्तीच्या आदेशाचा एक नमुना तयार ठेवायचा आहे. वरून सूचना एवढीच की "कोविडकाळातले आदेश बघा आणि सुधारून घ्या". हाताशी २०२० आणि २०२१ मधले पाच-सहा आदेश आहेत. सगळ्यांत भादंवि १८८ (लोकसेवकाचा आदेश मोडण्याचं कलम) आहे, दंडाची रक्कम मात्र प्रत्येकात वेगळी. एकात रुमाल चालतो, दुसऱ्यात चालत नाही. लहान मुलांबद्दल बहुतेक ठिकाणी अवाक्षर नाही.

मुद्द्याचे प्रश्न असे: मुख्याधिकाऱ्यांना असा आदेश स्वतःच्या सहीने काढता येतो का? मास्कची व्याख्या कशी लिहावी? सूट कोणाला द्यायची? आणि दंडवसुलीत पुढे ऑडिटला किंवा कोर्टात अडकायला नको असेल तर काय सांभाळायचं?

कलम_दोन

आधी अधिकाराचं बघू, कारण तिथेच पाय लटपटला तर बाकी मसुदा कितीही देखणा असून उपयोग नाही.

साथरोग अधिनियम, १८९७ चं कलम २ अधिकार देतं ते राज्य शासनाला. पालिकेला नाही. राज्य शासन तो अधिकार नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांकडे सोपवू शकतं. १४ मार्च २०२० च्या कोविड विनियमांत जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांना असंच सक्षम केलं होतं, म्हणून मुंबईत ८ एप्रिल २०२० चा मास्कसक्तीचा आदेश आयुक्तांच्या सहीने निघू शकला. नगरपरिषदेचे मुख्याधिकारी त्या यादीत आपोआप बसत नाहीत. शिवाय ते विनियम कोविडपुरते होते. पुढच्या साथीला नवी अधिसूचना लागेल, तेव्हा नमुन्यात तिचा क्रमांक आणि दिनांक यांसाठी जागा मोकळी ठेवा. जुना क्रमांक चुकूनही राहू देऊ नका.

दुसरा रस्ता आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात (कलम २५), आदेश कलम ३० आणि ३४ खाली निघतो, अवज्ञेची शिक्षा कलम ५१ मध्ये आहे. हा रस्ता ती साथ "आपत्ती" म्हणून हाताळली जात असेल तरच खुला. नगरपरिषदेसाठी सुरक्षित रचना अशी: जिल्हाधिकाऱ्यांचा मूळ आदेश, आणि त्याचा संदर्भ देऊन मुख्याधिकाऱ्यांचं अंमलबजावणीचं परिपत्रक. परिपत्रकात नवी बंधनं किंवा नवी रक्कम घालायची नाही. मूळ आदेशातलीच पथकं, जागा आणि पद्धत लिहायची.

आता १८८. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली. तिथे आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे. साथरोग अधिनियमाच्या कलम ३ मध्ये अजून १८८ चा उल्लेख दिसला तरी सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ८ मुळे तो नव्या तरतुदीचा म्हणून वाचला जातो. मसुद्यात सरळ "साथरोग अधिनियम कलम ३ सह भारतीय न्याय संहिता कलम २२३" लिहा. शिक्षा बदलली आहे हे विसरू नका: पूर्वी १ महिना किंवा २०० रुपये, आणि जीवित-आरोग्याला धोका असेल तर ६ महिने किंवा १००० रुपये. आता अनुक्रमे ६ महिने किंवा २५०० रुपये, आणि १ वर्ष किंवा ५००० रुपये. जुने आकडे उतरवलेले नमुने अजून फिरत असतात.

या कलमाखाली कोर्ट दखल घेतं ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवर, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ मुळे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मुळे. पोलिसांत नुसता गुन्हा नोंदवून प्रकरण पुढे सरकत नाही. नव्या कलमात सोय अशी की संबंधित लोकसेवक दुसऱ्या लोकसेवकाला तक्रारीसाठी प्राधिकृत करू शकतो. म्हणून आदेशातच एक परिच्छेद टाका: "या आदेशाच्या भंगाबाबत न्यायालयात लेखी तक्रार दाखल करण्यास स्वच्छता निरीक्षक यांना प्राधिकृत करण्यात येत आहे." एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला मुदत एक वर्षाची. ती उलटली की तक्रार कपाटातच राहते.

आणखी एक. "आदेश माहीत असूनही" मोडला, हे दाखवावं लागतं. सूचना फलक, दवंडी, घंटागाडीवरचा भोंगा, स्थानिक वृत्तपत्र यांपैकी जे केलं त्याची तारीख आणि पुरावा फायलीत लावा. घंटागाडीच्या लॉगबुकात एक ओळ टाकायला दोन मिनिटं लागतात, पण तीच पुढे कामी येते.

नाकावर_घ्या

व्याख्येबद्दल. तुमच्याकडच्या आदेशांत विसंगती दिसते ती काळामुळे. १५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या निर्देशांत शब्द होता "चेहरा झाकणे". तेव्हा मास्कचा तुटवडा होता आणि वैद्यकीय मास्क दवाखान्यांसाठी राखायचे होते, म्हणून घरी शिवलेला कापडी मास्क चालवून घेतला. २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशापर्यंत बाजारात माल मुबलक होता, तेव्हा रुमाल म्हणजे मास्क नाही आणि रुमाल बांधणारा दंडाला पात्र, असं स्पष्ट लिहिलं गेलं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तेव्हा नमुन्यात व्याख्येचे दोन पर्याय ठेवा, "पुरवठा अपुरा" आणि "पुरवठा पुरेसा", आणि आदेश काढताना एक खोडा.

वाक्य असं काहीसं: "मास्क म्हणजे नाक, तोंड व हनुवटी पूर्णपणे झाकेल आणि कानांमागे किंवा डोक्यामागे बांधून जागेवर राहील असे आवरण. कापडी असल्यास किमान तीन थरांचे." हनुवटी हा शब्द गाळू नका. नुसतं "नाक-तोंड" लिहिलं की खालून उघडा राहणारा तुकडाही नियमात बसतो. तीन थरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची जून २०२० ची शिफारस वापरता येते: आतला थर पाणी शोषणारा सुती, मधला न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा, बाहेरचा पाणी न धरणारा पॉलिएस्टरसारखा. पण पथकाने रस्त्यावर थर मोजत बसायचं नाही. आदेशात "किमान तीन थर" आणि तपासणीच्या सूचनेत "नाकावर आहे का, हनुवटी झाकली आहे का, गळ्यात लोंबकळतोय का" एवढंच.

झडपेचा मास्क स्वतंत्र वाक्यात वगळा. आत येणारी हवा तो गाळतो, पण उच्छ्वास झडपेतून न गाळता बाहेर सोडतो. सक्तीचा हेतू समोरच्याला वाचवणं हा असेल तर तो निरुपयोगी. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्ये राज्यांना पत्र लिहून नेमकं हेच सांगितलं होतं.

पालिका कर्मचाऱ्यांसाठी खरेदी करायची असेल तर निविदेत नुसतं "एन-९५ प्रकारचे" लिहू नका. पुरवठादार काहीही टेकवतो. सर्जिकल मास्कसाठी आयएस १६२८९, गाळणीच्या मास्कसाठी आयएस ९४७३ (एफएफपी-२ वर्ग) असं मानक लिहा आणि चाचणी अहवाल मागा. नाकावरची पट्टी वाकवल्यावर वाकलेलीच राहते का, ते नमुन्याचा तुकडा हातात घेऊन बघा. ती परत उसळली की कडांतून हवा सुटते, मग गाळण क्षमता कागदावर कितीही असो. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली रोगनियंत्रण संस्था) २०२१ मध्ये पुतळ्यांवर केलेल्या प्रयोगात साधा सर्जिकल मास्क खोकल्यातले ५६.१ टक्के कण अडवत होता, त्यावर कापडी मास्क घट्ट बसवला तेव्हा ८५.४ टक्के. वाढ झाली ती मुख्यतः फटी बुजल्यामुळे.

सूट: ५ वर्षांपर्यंतची मुलं (केंद्राच्या मार्गदर्शनातही त्यांना मास्कची शिफारस नव्हती; ६ ते ११ वर्षांच्या मुलांनी तो मोठ्यांच्या देखरेखीखाली घालायचा), मास्क स्वतः काढता न येणारी व्यक्ती, श्वसनाच्या किंवा अन्य वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी मनाई केलेली व्यक्ती, खाता-पिताना, जोराचा व्यायाम करताना, ओळख पटवण्यापुरतं क्षणभर. कर्णबधिर व्यक्ती आणि त्यांच्याशी बोलणारे यांना बहुतेक आदेश विसरतात. ओठांच्या हालचाली दिसल्या नाहीत तर संवादच तुटतो. वैद्यकीय सूट असलेल्याकडे रस्त्यावर आजाराचे कागद मागायचे नाहीत, हेही लिहून टाका.

पावतीपुस्तक

वसुलीचं मी सांगतो. रक्कम पालिकेने मनाने ठरवायची नाही, वर म्हटलंच आहे. मुंबईत जून २०२० मध्ये १००० रुपये होती, सप्टेंबरात २०० वर आली. राज्याने मार्च २०२१ मध्ये ५०० केली. प्रत्येक बदलाच्या वेळी जुनी पावतीपुस्तकं जमा करून घेणं हेच खरं काम. छापील रकमेवर पेनाने खाडाखोड केलेली पावती म्हणजे लेखापरीक्षकाला आयतं आमंत्रण. म्हणून रक्कम छापूच नका, अंकी आणि अक्षरी अशी रिकामी जागा ठेवा.

पावतीवर हवं ते: छापील अनुक्रमांक, तारीख, वेळ, नेमकी जागा (नुसतं "बाजारपेठ" नको), नाव, आदेशाचा क्रमांक, भंगाचा प्रकार, रक्कम, वसूल करणाऱ्याचं नाव-पदनाम-सही. स्थळप्रत पुस्तकातच राहते. पुस्तकं साठा नोंदवहीत नोंदवून, सही घेऊनच पथकाला द्यायची. रोख त्याच दिवशी, उशीर झालाच तर दुसऱ्या दिवशी सकाळी चलनाने भरायची आणि रोकडवहीत पावती क्रमांक "पासून-पर्यंत" लिहायचे. क्यूआर कोड ठेवायचा तर तो पालिकेच्या खात्याचाच. पथकातल्या कुणाच्या मोबाइलवर पैसे घेतले की संपलं.

पथकात पालिकेचा एक तरी कायम कर्मचारी असू द्या. एजन्सीचे मार्शल नेमून दंडातला हिस्सा त्यांनाच द्यायची पद्धत मुंबईत होती. माझ्या मते ती टाळावी. हिस्सा मिळणारा माणूस गर्दीच्या हॉलमध्ये जात नाही, तो उघड्या रस्त्यावर एकट्या सापडणाऱ्याला गाठतो. संसर्गाचा धोका जिथे जास्त तिथे पावत्या शून्य, असं चित्र मग दिसतं.

काय करायचं नाही तेही आदेशात लिहा: झडती नाही, मोबाइल किंवा गाडीची किल्ली काढून घेणं नाही, अडवून ठेवणं नाही, उठाबशा नाहीत, चित्रीकरण करून व्हायरल करणं नाही. "कोविड केंद्रात सेवा करा" असली शिक्षाही नको. गुजरात उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला होता, ३ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पैसे नाकारणाऱ्याचं नाव-पत्ता आणि दोन साक्षीदार नोंदवायचे, आणि लेखी तक्रारीचा मार्ग धरायचा. हुज्जत घालायची नाही.

आवक_जावक

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. दुकानात गिऱ्हाईक विनामास्क सापडलं तर दुकानदारावर काय? आणि स्वतःच्या गाडीत एकटा चाललेला माणूस?

कलम_दोन

दुकानदाराबद्दल नोव्हेंबर २०२१ चा आदेश नमुना म्हणून बरा आहे. व्यक्तीला ५०० रुपये, तिच्यासोबत आस्थापनेलाही १०,०००, आणि आस्थापनेने स्वतःच नियम पाळले नाहीत तर ५०,०००. टॅक्सी-बसमध्ये प्रवाशाबरोबर चालक-वाहकालाही ५००. पण छोट्या गावात किराणा दुकानाला १०,००० लावणं न्याय्य वाटत नाही आणि प्रत्यक्षात वसूलही होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवताना आस्थापनेच्या आकारमानानुसार टप्पे सुचवा, पहिल्या वेळी लेखी समज ठेवा.

एकट्या चालकाचा घोळ दिल्लीत झाला. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने खासगी गाडीही "सार्वजनिक ठिकाण" धरून मास्क सक्तीचा ठरवला, पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने एकट्या चालकाला सूट दिली. हा वाद टाळायचा असेल तर व्याख्येतच लिहा: "खासगी वाहनात एकटीच असलेली व्यक्ती वगळून".

वाटप_आधी

वरचं सगळं मान्य, पण मसुदा दंडाकडे फार झुकतोय. बांगलादेशात सुमारे ६०० गावांत, ३ लाख ४० हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत मोफत मास्क, माहिती, रस्त्यावर भेटून आठवण आणि गावातल्या मान्यवरांनी स्वतः घालणं एवढ्यावर नीट मास्क घालणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ वर गेलं. दंड नव्हता. तिथेच सर्जिकल मास्कचा परिणाम कापडीपेक्षा स्पष्ट दिसला. म्हणून आदेशाच्या पहिल्या आठवड्यात पावती नाही, फक्त मास्क द्यायचा आणि समज द्यायची, असं कलम घाला. बाजाराच्या दिवशी वेशीवर आणि एसटी स्टँडवर वाटपाचं टेबल. किती मास्क लागतील तो आकडा आराखड्यातच हवा.

वापरलेल्या मास्कचंही लिहा, नाहीतर ते घंटागाडीत ओल्या कचऱ्यात येतात आणि सफाई कामगार उघड्या हातांनी वेचतात. कोविडकाळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना होती की निरोगी घरातला मास्क कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवावा आणि कापून सुक्या कचऱ्यात द्यावा. रुग्ण असलेल्या घरातला मास्क पिवळ्या पिशवीतून वेगळा.

कलम_दोन

पहिल्या आठवड्याची सवलत चांगली सुचवलीत. ती मूळ आदेशातच हवी, परिपत्रकात नको, नाहीतर त्या आठवड्यात दंड भरलेला माणूस परतावा मागेल.

तसाच शेवटाचा दिनांक. "पुढील आदेशापर्यंत" लिहू नका. ३० दिवसांची मुदत घाला, वाढवायची तर रुग्णसंख्या आणि खाटांची स्थिती एका परिच्छेदात देऊन नव्याने आदेश काढा. राज्यात निर्बंध २ एप्रिल २०२२ पासून उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. तशी वेळ आली की मागे घेण्याच्या आदेशात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या वेळेपासून वसुली बंद, शिल्लक पावतीपुस्तकं कोणाकडे जमा, आणि प्रलंबित तक्रारी चालू ठेवायच्या की मागे घ्यायच्या.