कोस्टा रिका परवडत नसेल तर शेजारी निकाराग्वा आहे की

कोस्टा रिकाचं बजेट बघून ट्रिप कॅन्सल करायच्या विचारात आहात म्हणालात, अहो मग बॉर्डर ओलांडून निकाराग्वाला जा ना! तोच पॅसिफिक, तसेच ज्वालामुखी आणि खर्च बराच कमी. फिरायला अमेरिकेतून रिटायर झालेल्या पिवळ्या स्कूल बस, त्यांना रंगबिरंगी करून टाकलंय, त्यात कोंबडी, पोती, माणसं सगळं एकत्र, आपल्या एस्टीची आठवण येते अगदी.

लेऑन शहरात कॅथेड्रलच्या गच्चीवर नक्की चढा, पांढरीशुभ्र आहे आणि वर जायला चपला काढाव्या लागतात, देवळात गेल्यासारखं वाटतं. जवळच सेरो नेग्रो, 1850 मध्ये जन्मलेला ज्वालामुखी, म्हणजे तसा पोरगाच, त्याच्या काळ्या राखेवरून लाकडी फळीवर बसून घसरत यायचं. कानात, दातात राख राख होते पण मजा येते.

खाण्याचं म्हणाल तर गायो पिंतो म्हणजे राजमा घालून परतलेला भात, सकाळ संध्याकाळ तेच, शाकाहारींची सोय होते (तळणीत चरबी आहे का ते मात्र विचारा). ग्रानादा शहरात केळीच्या पानावर विगोरॉन मिळतं, उकडलेला कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद), वर कोबीची आंबट कोशिंबीर, डुकराची कुरकुरीत सालं नको असली तर आधीच सांगायचं.

ओमेतेपे बेट तर सोडूच नका, निकाराग्वा तळ्यातलं हे बेट म्हणजे दोन ज्वालामुखीच, काठावरच्या सान होर्हे गावाहून बोट मिळते.

आणि हो, ड्रोन नेऊ नका, तिथे बंदी आहे. राजकारणावर गप्पाही नकोत, 2018 च्या सरकारविरोधी आंदोलनांपासून वातावरण तंग आहे.