मदत हवी आहे: इराण-काँट्रा, 'टो'ची बेरीज जुळत नाही

अडलेला_तक्ता: इराण-काँट्रा प्रकरणातल्या (अमेरिकेने इराणला चोरून शस्त्रं विकली, त्यातला काही पैसा काँट्रा या निकाराग्वातल्या बंडखोरांना गेला) टो म्हणजे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांचा तक्ता उद्या सकाळी द्यायचाय. माझी बेरीज २,००४ येते, एका ठिकाणी २,००८ छापलंय. वरचे चार कुठले? लवकर सांगा.

रानजाई: इराणला पोचलेली की अमेरिकी साठ्यातून निघालेली? खेपा टाका, त्याशिवाय काय सांगणार?

अडलेला_तक्ता: टोची बेरीज हो! ऑगस्ट १९८५ मध्ये ९६, सप्टेंबरमध्ये ४०८, फेब्रुवारी १९८६ मध्ये १,०००, ऑक्टोबरमध्ये ५००.

जुना_नकाशा: टोपेक्षा हॉक (विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं) बघा. नोव्हेंबर १९८५ मध्ये इस्रायलमधून १८ गेली. इराणला खूप उंचावरची विमानं पाडणारी हवी होती, ही त्या कामाची नव्हती. एक डागून पाहिलं, १७ परत. हॉकचा रकाना हवाच.

रानजाई: नकाशाकाका, हॉक विचारलंच नाहीये त्यांनी. तक्ता, इराणला पोचलेली २,००४ बरोबर. पहिल्या दोन खेपा इस्रायलच्या साठ्यातून, ५०४. त्या भरून द्यायला अमेरिकेने मे १९८६ मध्ये इस्रायलला ५०८ दिली. तुमचे चार तिथे आहेत. १,००० + ५०८ + ५०० = २,००८, ही लष्कराने सीआयएला दिलेली. ५०४ आणि ५०८ दोन्ही धरू नका, २,५१२ होतील.

सावकाश: पैशांचा रकाना असेल तर जपून. फेब्रुवारीच्या १,००० टोंचे १ कोटी डॉलर लेक रिसोर्सेस या मधल्या मंडळींच्या कंपनीच्या स्विस खात्यात आले, सीआयएला त्यातले ३७ लाखच गेले. पण सगळा नफा काँट्रांना गेला असं लिहू नका. एकूण नफा सुमारे १ कोटी ६१ लाख, काँट्रांपर्यंत किमान ३८ लाख. बाकीचा मधल्या मंडळींकडे राहिला.

जुना_नकाशा: काँट्रांना मदत करायला अमेरिकी संसदेने बंदी घातली होती, तेव्हा ३८ लाख हाच खरा गुन्हा.

सावकाश: संसदेला न कळवता इराणला शस्त्रं विकणं हा गुन्हा नाही का? दोन्ही तितकेच गंभीर.

पाणंद: आपला बोफोर्सही १९८६ चाच, ४१० तोफा. तोही घाला.

रानजाई: तो करार उघड होता, लपवली ती दलाली. इथे विक्रीच लपवलेली. वेगळा धागा काढा.

अडलेला_तक्ता: पैसे नकोत, बोफोर्स नको. शीर्षक 'अमेरिकी लष्कराच्या साठ्यातून गेलेली' असं आहे, मग कुठला आकडा?

रानजाई: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! ९६ आणि ४०८ काढा, मे १९८६ ची ५०८ घाला, खाली २,००८ लिहा. तळटीपेत '५०८ इस्रायलला भरपाई' एवढं टाका, नाहीतर तपासणारा हाच प्रश्न विचारेल.